डेथच्या शेवटच्या अल्बमसाठी गिटार कशी लावायची

फ्लोरिडाच्या डेथ या डेथ मेटल बँडचा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ १९९८ मध्ये आला आणि तोच त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. आधीच्या, १९९५ च्या ‘सिम्बॉलिक’मधल्या वादकांपैकी बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनर सोडला तर इथे कुणीच नाही. दुसऱ्या गिटारवर शॅनन हॅम, बेसवर स्कॉट क्लेंडेनिन, ड्रम्सवर रिचर्ड क्रिस्टी. तिघेही नवे, आणि तिघांचंही वाजवणं स्वच्छ ऐकू येतं. म्हणूनच ही गाणी बसवताना लपायला जागा मिळत नाही.

बहुतेक जण टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे दाखवणारं लिखाण) उतरवतात, रोजच्याच तारा एक टोन खाली आणतात आणि रिफ (गाण्यात फिरून येणारे गिटारचे तुकडे) गढूळ वाजले की ॲम्पची बटणं फिरवत बसतात. ॲम्पचा दोष नसतो. तारांचा ताण गेलेला असतो.

ट्यूनिंग डी स्टँडर्ड आहे : जाड तारेकडून डी, जी, सी, एफ, ए, डी. हे ड्रॉप डी नव्हे, त्यात फक्त सर्वांत जाड, सहावी तार उतरते. सहाही तारा एक-एक टोन खाली येतात. सहावी तार ८२.४ हर्ट्झवरून ७३.४ वर येते आणि त्याच जाडीच्या तारेचा ताण जवळपास २० टक्क्यांनी घटतो. अशा ढिल्या तारेवर पिक जोरात बसला की सूर आधी चढा लागतो, मग जागेवर येतो. एकट्याने वाजवताना हे खपून जातं. दोन गिटार हार्मनीत आल्या की लगेच कानाला टोचतं.

ताण परत मिळवायचा तर प्रत्येक तार सुमारे १२ टक्के जाड हवी. म्हणजे ई स्टँडर्डला, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगला, १०-४६ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) वापरत असाल तर इथे ११-५२ घ्या. हा हिशोब २५.५ इंच स्केलचा, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा. २४.७५ इंचाच्या गिटारवर ताण आणखी ६ टक्के कमी पडतो, तिथे ११-५४ बरा. सेट घेताना तिसरी तार साधी आहे ना, एवढं बघून घ्या. काही जाड सेटमध्ये ती गुंडाळलेली येते आणि सोलोतले बेंड (तार ओढून सूर चढवणं) हाताला जड जातात.

आता नट, म्हणजे नेकच्या टोकाची, तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी. जाड तार जुन्या खाचेत नीट बसत नाही. ट्यून करताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. थोडंसंच अडकत असेल तर पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून भागतं. तार खाचेच्या वरच राहत असेल तर मात्र नटच्या कानशीने खाच रुंद करावी लागते. फक्त रुंदी वाढवायची, खोली नाही. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते, आणि मग नट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. हात बसलेला नसेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

पुढचा क्रम मोडू नका : ट्यूनिंग, ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई), ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर खरा लागणं). आधीच्या टप्प्यात काही हललं की पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर हवी. मोजायला फीलर गेज लागतो. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तोच. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवा, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, आणि दर वेळी पुन्हा ट्यून करून मगच मोजा. तारा योग्य जाडीच्या असतील तर रॉडला फारसा हात लावावाच लागत नाही. १०-४६ वरच डी लावलं तर नेक मागे झुकते आणि पहिले चार-पाच फ्रेट खरखरायला लागतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर ही फट पुन्हा तपासावीच.

ॲक्शन बाराव्या फ्रेटवर जाड तारेला २ मिलिमीटर, बारीक तारेला १.५. त्यानंतर इंटोनेशन : बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरलेला असेल तर नटकडे. हे नव्या तारांवरच करा. जुनी तार जागोजागी झिजलेली असते, तिच्यावर इंटोनेशन जुळत नाही.

चककडे बी. सी. रिचची स्टेल्थ गिटार, ब्रिजला डिमार्झिओचा एक्स२एन पिकअप आणि मार्शल व्हॅल्व्हस्टेट ८१०० ॲम्प असे. तुमच्याकडे यातलं काही नसलं तरी अडत नाही. गेन (आवाजाचा फाटलेपणा) इतका उतरवा की पाम म्यूटमधला, म्हणजे तळहात तारांवर टेकवून वाजवलेला, प्रत्येक स्वर सुटा ऐकू येईल, आणि मिड्स (ॲम्पवरची मधली पट्टी) कापू नका. घरी एकट्याने वाजवताना कापलेले मिड्स भारदस्त वाटतात, बँडमध्ये ती गिटार गायब होते.

बेसही डी-जी-सी-एफ. ४५-१०५ च्या तारा फ्रेटवर आपटतात, निदान ५०-११० लावा. ‘स्पिरिट क्रशर’ बेसवरच उघडतं, तिथे ढिली तार झाकायला दुसरं काहीच नसतं.

बसवायला सुरुवात ‘व्हॉइस ऑफ द सोल’पासून करा. त्यात ड्रम्स नाहीत. अकूस्टिकच्या साथीवर इलेक्ट्रिक गिटार गाते. इंटोनेशन कुठे चुकलंय ते इथे लगेच कळतं. अकूस्टिकलाही डी लावायचं असतं, तिथे १२-५३ ऐवजी १३-५६ चा सेट घ्या. मग ‘स्पिरिट क्रशर’. ‘फ्लेश अँड द पॉवर इट होल्ड्स’ आठ मिनिटांहून लांब आहे, ते रिफवार तुकडे करून ६० टक्के वेगावर घ्या आणि तुकडा सलग तीनदा न चुकता आला की ५ टक्क्यांनी वाढवा. तुकड्यांपेक्षा त्यांचे सांधे जास्त घोटा. बँड कोसळतो तो तिथेच. जुडास प्रीस्ट या बँडचं ‘पेनकिलर’ इथे अल्बमच्या शेवटी आहे. सरावात मात्र ते मधे ठेवा, कारण सुरुवातीला ड्रमरचे पाय आणि गायकाचा गळा तापलेला नसतो आणि शेवटी दोन्ही थकलेले असतात.