सुरीच्या म्यानाला लुप्पी लावताना या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात फण्या उतरवायची सुरी दिवसभर कमरेला असते. म्यान बहुतेकांना बरं जमतं, मार खाते ती लुप्पी, म्हणजे म्यानामागची बेल्ट ओवायची दुमडलेली पट्टी. चुकाही त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी म्यान शिवून बंद करायचं आणि मग लुप्पी आठवायची. बंद म्यानात सुई परत फिरवायला जागाच नसते. मग वरून सोल्युशन थापतात नाहीतर एक लोखंडी रिव्हेट ठोकून मोकळे होतात. यावलकडच्या एका कापणीवाल्याचं म्यान असंच होतं. एकाच रिव्हेटवरची लुप्पी, ती खिळ्यावरच्या पाटीसारखी फिरणारच. तो घड उचलायला वाकला की म्यान आडवं व्हायचं. पावसाळाभर चामडं ओलं राहिलं, लोखंड आणि चामडं कमावताना सालीतून उतरलेलं टॅनिन एकत्र आलं, रिव्हेटभोवती काळानिळा डाग धरला. तिथलं चामडं कुजत गेलं आणि शेवटी भोक रिव्हेटच्या डोक्यावरून निसटलं. सुरी पाटात. रिव्हेटच्या आतल्या शेपटीने पात्यावर ओरखडे काढले ते वेगळेच.

म्हणून मागचा तुकडा सपाट असतानाच लुप्पी चिकटवा, शिवा, मगच पुढचा तुकडा जोडा. आतल्या बाजूला टाक्यांच्या रेषेवर अर्धा मिलिमीटर खाच काढून दोरा त्यात बसवा. वर राहिलेला दोरा धार कापतेच. रिव्हेट मारायचाच असेल तर तांब्याचा किंवा पितळी, आणि एक नव्हे, दोन.

मापातही घाई नडते. बेल्ट ४० मिमीचा असेल तर लुप्पी आतून ४५ हवी. दोन्ही बाजूंचे ४५-४५, वरच्या वळणाला १० आणि शिवायला दोन्ही टोकांना ३०-३०, म्हणजे १६० मिमीची पट्टी. पंचेचाळीस दुणे नव्वद करून पट्टी कापणारे नंतर शिवायला चामडं शोधत बसतात. चामडं ३ मिमी जाडीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं आणि पाठीचं घ्या. पोटाकडचं ताणतं. पट्टी पाठीच्या कण्याच्या दिशेनेच कापा.

कोरडी पट्टी वाकवू नका, वरचा थर तडकतो. स्पंजने ओली करा, रंग परत फिकट व्हायला लागला की दुमडा. आणि सुकवायला मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात, पत्र्यावर अजिबात ठेवू नका. सावलीत एक दिवस जाऊ द्या. काय घाई आहे भाऊ? उन्हात ती आकसते, कडक होते आणि पहिल्याच झटक्याला वळणावर चिरते.

चिकटवण्याआधी म्यानाची गुळगुळीत बाजू खरवडा. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. लगेच दाबून बसवलं की ते आत ओलंच राहतं.

शिलाई दोन सुयांची, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. मशीनचा टाका एका जागी तुटला की पुढचे उसवायला लागतात, दोन सुयांचा प्रत्येक टाका स्वतंत्र टिकतो. टाक्यांची रांग २० सेंमी असेल तर मेण लावलेला दोरा ८०-९० सेंमी घ्या. आरीने भोकं ४ मिमी अंतरावर, कडेपासून ५ मिमी आत. ती दाट पाडली की शिलाई मजबूत होते हा भ्रम आहे. वरच्या आडव्या रांगेवर सगळा ताण येतो आणि दाट भोकांवरून पट्टी तिथेच फाटते. शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्या. पट्टीची टोकं आधी रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, अर्ध्या जाडीपर्यंत छिला, नाहीतर तीन थरांतून आरी वाकडी जाते आणि मागच्या बाजूला रेघ नागमोडी दिसते.

लुप्पी म्यानाच्या तोंडालगत हवी. खाली लावली तर मूठ जड पडते, बसल्यावर म्यान उलटतं.

घाणीचं शेंगदाणा तेल चोपडू नका. चामडं सैल पडतं, खवट वास येतो, उंदीर लागतात. मधमाशांचं मेण कोमट करून फडक्याने पातळ चोळलं की पुरे.