ओपन वर्ल्ड गेम बोर वाटतोय? आधी या चुका टाळा

परवा आत्याचा पोरगा निपाणीहून आलता, आल्याआल्या सुरू, "दादा, विचर थ्री काय खास नाही बघ, चाळीस तास खेळलो, नुसतं घोडा पळवायचं आणि मारामारी." म्हटलं बस की, खेळून दाखव. पाचच मिनिटं बघितलं आणि कळलं दोष कुठं हाय ते. डोळे कोपऱ्यातल्या मिनीमॅपवर (वाट ठिपक्यांनी दाखवणारा छोटा नकाशा), कोण बोलायला लागलं की स्किप, गेमचं म्युझिक बंद आणि मोबाईलवर डीजेची गाणी. मग काय दिसणार, ठिपक्यांची रेघच दिसणार.

अशा ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या जगात पाहिजे तिकडं भटकू देणाऱ्या गेममध्ये गोष्ट कुणी समोर बसवून सांगत नाही, ती रस्त्यात सांडलेली असते. आणि आपण जे जे सोयीचं म्हणून चालू करतो त्यातलं निम्मं ती गोष्ट झाकून टाकतं. मी स्वतः यातल्या सगळ्या चुका केल्यात म्हणून सांगतोय.

नजर मिनीमॅपवरच

ही सगळ्यात मोठी. विचरमध्ये एचयूडीच्या (स्क्रीनवर दिसणारे नकाशे, खुणा, आकडे) सेटिंगात जाऊन मिनीमॅप बंद करता येतो. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये कंट्रोलरवरचं डी-पॅडचं (चार दिशांच्या बटणांचं) खालचं बटण दाबून धरलं (पीसीवर ऑल्ट) की रडार, म्हणजे तोच मिनीमॅप, काढून नुसता कंपास ठेवता येतो. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये तर प्रो नावाचा एचयूडीच हाय, स्क्रीन जवळजवळ मोकळी. पहिला अर्धा तास चुकायला होतं, मग आपोआप डोंगर, धूर, देवळाचं टोक बघून चालायला लागतो माणूस. आमच्या बेळगावजवळ येळ्ळूरला जाताना राजहंसगड दिसत राहतो, तिथं मॅप कोण उघडतं?

पण एक भानगड हाय, सगळीकडं हे चालत नाही. स्कायरिममध्ये मार्कर (कुठं जायचं ते दाखवणारी खूण) पूर्ण काढलात तर अडकणार, कारण जर्नलमध्ये (कामांच्या वहीत) "अमक्या गुहेतून वस्तू आण" एवढंच असतं, गुहा कुठं ते नसतं. त्याच कंपनीच्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये मार्कर नव्हतेच, लोक तोंडी रस्ता सांगायचे, ह्या वाटेनं जा, पूल लागला की डावीकडं, आणि कधीकधी चुकीचा पण सांगायचे. अगदी आमच्या खानापूरकडच्या म्हाताऱ्यांसारखं, "हितंच की, जवळच हाय" म्हणतात आणि चार किलोमीटर निघतं. तर स्कायरिममध्ये क्वेस्ट (दिलेलं काम) करताना मार्कर ठेवा, नुसतं भटकायचं असेल तेव्हा काढा.

धुकं पुसून टाकणं

जीटीए सॅन अँड्रियास आम्ही खडेबाजारच्या बाजूला एका नेट कॅफेत खेळायचो, तीन शहरं, मधे जंगल, मधे वाळवंट, केवढं जग वाटायचं ते. २००४ चा गेम, प्लेस्टेशन २ ची ताकद तेवढीच, म्हणून लांबचं सगळं धुरकट करून ठेवलेलं. २०२१ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन काढली आणि ते धुरकट गेलं, विमान वर नेलं की एका शहरातून दुसरं शहर स्पष्ट दिसायला लागलं. जग तेवढंच, पण खेळण्यातलं वाटायला लागलं. लोकांनी एवढी बोंब मारली की नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारखं लाइटिंग परत द्यायला लागलं.

जुलैत चोर्ला घाटातनं गोव्याला गेलाय काय कधी? कणकुंबी सोडली की दहा फुटांपुढचं दिसत नाही, प्रत्येक वळणाला वाटतं आता काय येतंय की. तोच घाट मार्चमध्ये जावा, डुलकी लागते. म्हणून जुन्या गेमला मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) टाकून ड्रॉ डिस्टन्स (किती लांबचं दिसतं ते) फुल्ल करायची घाई करू नका, ब्राइटनेसचं पण तेच. माइनक्राफ्टमध्ये ब्राइटनेस सगळ्यात खाली नेलात तर तिथं 'मूडी' लिहिलेलं दिसतं, ते उगीच लिहिलेलं नाही. रात्री लाईट बंद करून मूडीवर एकदा गुहेत उतरून बघा. (डोळे दुखत असतील तर नको, हट्ट नाही.)

आवाज बंद

माइनक्राफ्टचं म्युझिक सारखं वाजत नाही म्हणून बरेचजण स्वतःची गाणी लावतात. अहो ते मुद्दाम तसं हाय. सी४१८ नावाच्या संगीतकारानं केलेली ती पियानोची धून मधेच येते, जाते, मग बराच वेळ नुसती पावलं आणि गुरांचा आवाज. सबनॉटिका या समुद्राखालच्या गेममध्ये तर आवाजच मॅप हाय, कारण गेममध्ये मॅपच नाही. रीपर लेव्हायथन हा तिथला राक्षसी प्राणी दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि हेडफोन नसेल तर तुम्हाला तो थेट तोंडातच भेटणार.

कटसीनपुरतीच (मधेमधे सिनेमासारखं दाखवतात तेवढीच) गोष्ट समजणं

आमच्याकडं जुन्या देवळांच्या मागं वीरगळ असतात, शेंदूर फासलेले, लोक देव म्हणून तेल वाहतात. पण खालनं वर बघत गेलं की पूर्ण गोष्ट हाय त्यात, तळाला लढाई, कधी पळवून नेलेली गुरं, त्याच्या वर अप्सरा त्या वीराला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर बसलाय आणि डोक्यावर चंद्रसूर्य. बऱ्याच दगडांवर अक्षर एक नसतं. फॉलआउट, स्कायरिमवाले हेच करतात. एका पलंगावर दोन सांगाडे, शेजारी रिकामी बाटली. आपण आत घुसतो, कपाट उघडतो, लूट घेतो आणि पळतो. खोलीत शिरताना दारात दोन सेकंद थांबा, कोण कुठं पडलंय, दार आतनं लावलेलं की बाहेरनं, टेबलावर काय हाय, एवढंच. लूट कुठं जात नाही.

प्रत्येक प्रश्नचिन्ह पुसायचा नाद

विचरमधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात मॅपवर प्रश्नचिन्हांचा सडा हाय, बहुतेक सगळ्या स्मगलरच्या पेट्याच, होडी थांबव, पाण्यात उडी मार, पेटी उघड, परत होडीत. करू नका. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून मॅपवर ते प्रश्नचिन्ह लपवणारा फिल्टर हाय, तोच ठेवा.

फास्ट ट्रॅव्हलचं (मॅपवरनं थेट दुसऱ्या जागी पोचायचं) पण तसंच, पहिल्यांदा घोड्यावरनं जावा, परतताना खुशाल उडी मारा.

आणि विचरच्या गोष्टीत मुलगी हरवलीय, जग बुडायला आलंय आणि आपण पत्ते कुटत बसलोय, हे खटकतंच. त्याला उपाय वेळ बघून भटकणं. रेड डेड २ मध्ये चॅप्टर २ ला टोळीचा तळ हॉर्सशू ओव्हरलुकला असतो, गोष्ट तेव्हा निवांत असते, शिकार, मासेमारी, अनोळखी लोकांना भेटणं सगळं तिथंच करून घ्या. नंतर कथा गळा आवळते, मग मासे पकडायला मन होत नाही.

पोराला हे सगळं सेटिंग करून दिलं आणि कुंदा बांधून पाठवला. तिसऱ्या दिवशी रात्री साडेबाराला फोन. म्हटलं करंट गेला आणि सेव्ह उडाला वाटतं. तर म्हणतोय, "दादा, विचरमधल्या वेलेनमध्ये एका टेकाडाखाली झाड बोलायलंय माझ्याशी, सोडव म्हणतंय. खरं बोलतंय काय ते? सोडवू?"

मी काय सांगितलं नाही.