मालमत्ता कराचं विधेयक वाचायला बसताय? थांबा जरा

आमदारांकडे विधेयकं वाचून टिपण काढायचं काम लागलं की मुलं मला हमखास विचारतात, मालमत्ता कराचं समजायला किती दिवस लागतात. मला वर्ष लागलं, आणि त्यातही एकदा सपशेल तोंडावर आपटलो.

२०१९ ची गोष्ट. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, अशी सगळीकडे हवा. मी नवा, कायद्यातल्या दुरुस्तीचा कागद वसई-चर्चगेट गाडीत उभ्याउभ्या वाचला. वाचला म्हणजे काय, ४६.४५ चौरस मीटर हा आकडा दिसला, म्हणजे ५०० फूट, झालं काम. साहेबांना एक पानी टिपण दिलं, 'संपूर्ण माफी'. त्यांनी ते मतदारसंघात सांगत सुटायचं तेवढं बाकी होतं, तेही केलं. पुढे बिलं आली तेव्हा लालबागचे एक काका ऑफिसात आले, बिल टेबलावर पसरलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. सर्वसाधारण कर माफ. त्याखाली मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर, सगळं जिथल्या तिथे. "यात माफ काय झालं रे बाळा?"

दुरुस्तीत शब्दच होता 'सर्वसाधारण कर'. मालमत्ता कर हा एक कर नाहीच, ती पिशवी आहे, आणि तिच्यात काय काय आहे ते १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४० मध्ये लिहिलंय, मी उघडलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. त्यातही वृक्ष उपकर, राज्य शिक्षण उपकर वेगळ्याच कायद्यांतून येतात, म्हणजे हा एक अधिनियम पाठ करूनही भागत नाही. पूर्ण माफीला १ जानेवारी २०२२ उजाडला.

तर विधेयक एकटं वाचू नका. 'या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. मागे जोडपत्रात मूळ कलमाचा उतारा असतो पण तो तुकडाच असतो. मूळ अधिनियम घ्या, पेन्सिलने जुना शब्द खोडा, नवा लिहा, मग अख्खं कलम परंतुकासकट, म्हणजे 'परंतु' म्हणून खाली जोडलेल्या अपवादासकट, मोठ्याने वाचा. वेळ जातो, हो. अधिवेशनात विधेयक आज हातात आणि उद्या चर्चेला असंही होतं, तेव्हा निदान ज्या कलमाला हात लावलाय तेवढं तरी करा. आणि कुणीतरी केलेला सारांश वाचून टिपण लिहू नका, मोबाईलवर फिरणारा तर नकोच नको.

हे मला एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांनी शिकवलं. लोक म्हणतात मोठा वकील गाठ. माझं मत वेगळंय, ज्याने आयुष्यभर मंत्रालयात टिपण्या लिहिल्या त्याला पळवाट वासावरून कळते. ते चहा पिता पिता विचारायचे, "समज मला कर भरायचा नाहीये. शेजारी शेजारी दोन फ्लॅट, ४८० चे, मधली भिंत पाडली, कराची खाती दोनच ठेवली. आता मी ४८० चा का ९६० चा?" याचं उत्तर कलमात सापडलं पाहिजे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिलं की ती पळवाट. मी उत्साहात लिहिलं, 'आतून जोडलेली घरं एकच धरावीत'. लगेच म्हणाले, "आणि ३०० च्या दोन खोल्यांत दोन भाऊ, चुली वेगळ्या, आईसाठी मधे दार ठेवलंय, त्यांना का मारतोस?" तीन वेळा लिहिलं तेव्हा कुठे शब्द बसले.

अजून एक, नियम करायचे अधिकार कुणाला आणि किती दिलेत ते बघाच. २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभावावरून काढलेल्या मालमत्तेच्या किमतीवर, कर आला, मोकळ्या जमिनीचं मूल्य ठरवण्याचे महापालिकेचे काही नियम कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेरचे म्हणून उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम केला. कायद्यात ढिला सोडलेला शब्द इतकी वर्षं कोर्टात फिरतो.

पहिले तीन महिने डोक्यावरून जाईल, घाबरू नका, सगळ्यांचंच जातं. फक्त अधिनियमाची प्रत कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त केलेली आहे ते पहिल्या पानावर बघून घ्या. माझ्याकडची सेकंडहँड होती, फोर्टच्या फुटपाथवरची, तिच्यात भांडवली मूल्य हा शब्दच नव्हता आणि मी तो आठवडाभर शोधत होतो.