नीलम, निळा ड्रेस आणि पावणेचारचा सूर्यास्त

माझं पहिलं स्टाइल्ड शूट, म्हणजे मुद्दाम रचलेल्या प्रसंगाचं फोटोशूट, फसलं, कारण मी राजेशाही थाटाच्या साखरपुड्याचं शूट करायला निघाले आणि लग्नाचं करून आले. लाल मखमल, सोनेरी चौकटी, खेळण्यातला मुकुट, पांढरा बुके, वर नवरीची पातळ जाळीदार ओढणी. टेबलावर सगळं मांडलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते. फोटो एका लग्नविषयक मासिकाला पाठवले. उत्तर दोन ओळींचं आलं: फोटो छान आहेत, पण यात एंगेजमेंट कुठे आहे? त्या क्षणी राग आला. रात्री फोटो पुन्हा उघडून पाहिले आणि मासिकवाल्या बाईचं म्हणणं पटलं.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात अकाउंट्स बघायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात, स्लाऊला आले आणि इथे वेडिंग प्लॅनिंगमध्ये शिरले. या धंद्यात नवीन माणसाकडे दाखवायला काम नसतं आणि काम दाखवल्याशिवाय काम मिळत नाही. त्यावरचा इथला तोडगा म्हणजे स्टाइल्ड शूट. प्लॅनर, फोटोग्राफर, फुलवाली, मेकअपवाली, सगळे मिळून एक खोटा प्रसंग उभा करतात आणि प्रत्येकाला आपापल्या पोर्टफोलिओसाठी फोटो मिळतात. पैसे कुणी कुणाला देत नाही, निदान कागदावर तरी.

व्हिसाचं आधीच सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारे, होते, त्यामुळे मला स्वतःचा व्यवसाय करायची मुभा होती. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. ‘पैसे कुठे घेतेय, फुकट तर करतेय’ हा युक्तिवाद आपल्या व्यवसायाची जाहिरात करणाऱ्या शूटला तारेल असं धरून चालू नका. आणि वर्षाला १,००० पौंडांवर धंद्याची कमाई गेली, की सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून करखात्यात नोंदणी करावी लागते.

आता दुसरं शूट. या वेळी मी आधी दोन राजेशाही साखरपुडे नीट बसून पाहिले.

पहिला विल्यम आणि केटचा. १६ नोव्हेंबर २०१० ला घोषणा झाली, सेंट जेम्स पॅलेसमध्ये कॅमेऱ्यांसमोर दोघं उभे राहिले. तिच्या अंगावर इसा या ब्रँडचा गडद निळा ड्रेस, बोटात डायनाची अंगठी: १२ कॅरेटचा लंबगोल सिलोनी नीलम, भोवती १४ हिरे. ही अंगठी १९८१ मध्ये गॅरार्ड या लंडनच्या जवाहिऱ्याच्या कॅटलॉगमधून निवडलेली होती, खास घडवून घेतलेली नव्हे. तो निळा ड्रेस बघता बघता दुकानांतून संपला. पण मला जास्त शिकवलं ते फोटोग्राफर मारिओ टेस्टिनोने काढलेल्या दोन अधिकृत फोटोंनी. एक दरबारी, पांढऱ्या ड्रेसमधला. दुसऱ्यात केट नेहमीच्या दुकानात मिळणाऱ्या क्रीम ब्लाऊजमध्ये, विल्यमच्या मिठीत, अंगठीचा हात त्याच्या छातीवर. लोकांच्या डोक्यात दुसरा राहिला.

दुसरा साखरपुडा हॅरी आणि मेगनचा. २७ नोव्हेंबर २०१७ ला केन्सिंग्टन पॅलेसच्या संकन गार्डनमध्ये ती पांढरा कोट घालून उभी राहिली. डिसेंबरमध्ये विंडसरच्या फ्रॉगमोर हाऊसमध्ये अलेक्सी लुबोमिर्स्कीने काढलेले फोटो आले. एका फोटोत पायरीवर बसलेली जोडी, तिच्या अंगावर काळा पारदर्शक, सोनेरी भरतकामाचा गाऊन. त्याची किंमत हजारो पौंडांत होती आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी बरंच तोंडसुख घेतलं. दुसरा कृष्णधवल, चेहऱ्याला चेहरा लावलेला. पायरी, हिवाळी उन्हाचा कोवळा तुकडा आणि दोन माणसं. बुके कुठेच नाही.

म्हणून मी ठरवलं, एका फोटोतून एकच गोष्ट उचलायची. २०१० मधून निळा रंग आणि छातीवरचा हात. २०१७ मधून दगडी पायरी आणि हिवाळ्यातला उजेड. मुकुट बाद, मखमल बाद. मूडबोर्डवर, म्हणजे शूट कसं दिसावं हे दाखवणाऱ्या चित्रांच्या फलकावर, आधी सदतीस चित्रं होती, ती नऊवर आणली. ही छाटणी रडवते, पण शूटच्या दिवशी डोकं ठिकाणावर राहतं. फुलवालीला सदतीस चित्रं पाठवली तर ती त्यातलं तिला आवडलेलं करते, तुम्हाला हवं असलेलं नव्हे.

जागा शोधताना सगळ्यांना आधी विंडसरचा लाँग वॉक, किल्ल्याकडे जाणारा झाडांचा लांब रस्ता, सुचतो. मलाही सुचला. पण विंडसर ग्रेट पार्क क्राउन इस्टेट या राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि धंद्यासाठी फोटो काढायचे तर परवानगी लागते. लंडनच्या हाइड पार्क, केन्सिंग्टन गार्डन्सचंही तेच, तिथे रॉयल पार्क्स या उद्यानं सांभाळणाऱ्या संस्थेकडे अर्ज करायचा. ‘कोण बघतंय’ म्हणून रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा) उघडणारे भेटतात. पण तुम्ही ते फोटो उद्या नावानिशी छापणार आहात, हे विसरू नका. मी बर्कशरमधलं एक जुनं खासगी घर चार तासांसाठी घेतलं. डिसेंबरातला मंगळवार होता, म्हणून २२० पौंडांत मिळालं. मालकिणीने पब्लिक लायबिलिटी विम्याचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, कागद मागितला, तो तयार ठेवा. विमा नसेल तर बरीच घरं फोनवरच नाही म्हणतात.

बाकी खर्चही सांगते: फुलं ९०, भाड्याचा निळा ड्रेस ६०, नकली अंगठी २५, जेवण आणि पेट्रोल ८५. एकूण ४८० पौंड. फुलांचे पैसे मी स्वतःहून दिले, कारण फुलवालीचं सामान एका दिवसात कुजतं. फोटोग्राफरच्या लेन्सचं तसं होत नाही.

फुलांवरून पुन्हा घसरणार होते. मला डेल्फिनियम हवं होतं, उंच निळे तुरे. फुलवाली म्हणाली, त्याचा बहर जून-जुलैतला, डिसेंबरात मागशील तर परदेशातून आणावं लागेल आणि खिसा रिकामा होईल. तिने पांढरे अ‍ॅनिमोनी सुचवले, मधोमध जवळजवळ काळा-निळा डोळा असलेले, सोबत निळसर काटेरी एरिंजियम. तेही बुके म्हणून हातात नाही, खिडकीच्या कट्ट्यावर एका बुटक्या काचेच्या भांड्यात. निळा त्या डोळ्यातून आणि ड्रेसमधून आला, पुरेसा.

जोडी मात्र मी मॉडेल घेतली नाही. स्लाऊमधलीच खरीखुरी, नुकतं जमलेलं. तो सांगलीचा, ती नागपूरची. दोघं लाजाळू. मुलगी म्हणाली, “ताई, आमच्या साखरपुड्यात आम्ही नुसते शेजारी उभे होतो, मिठीबिठी काही नाही हं.” दोघांकडून मॉडेल रिलीजवर, म्हणजे फोटो वापरायच्या संमतीपत्रावर, सह्या घेतल्या: फोटो कुठे छापले जातील, नाव द्यायचं की नाही, घरच्यांना चालेल का. शेवटचा प्रश्न इथल्या नमुना कागदांत नसतो, मी घातला.

आईला फोनवर सगळं सांगितलं तर ती एकाच गोष्टीवर अडली.

“साखरपुड्यात नीलम? पत्रिका दाखवली का कुणाला?”

“अगं, खोटा आहे. पंचवीस पौंडांचा.”

“खोटा असला तरी. शनीचा खडा आहे तो. कुणाला धार्जिणा, कुणाला नाही.”

ती अजून त्यावर ठाम आहे. डायनाचं उदाहरण तिने दिलंच, मी विषय बदलला.

शूटच्या दिवशीचं मुख्य शत्रू-सैन्य म्हणजे वेळ. डिसेंबरात या भागात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो. पावणेचार! साताऱ्यात त्या वेळी दुपारचा चहा होतो. घर आम्हाला अकरा ते तीन मिळालं होतं. मी शॉट लिस्ट, म्हणजे काढायच्या फोटोंची यादी, उलटी लिहिली होती, शेवटच्या उजेडापासून मागे: अडीच ते तीन पायरी, दीड ते अडीच खिडकीतली मिठी, त्याआधी अंगठी आणि टेबल. मेकअपवाली रस्त्यात अडकली, चाळीस मिनिटं गेली. पायरीचा वेळ न कापता टेबलाचा कापला. टेबलावरचे फोटो नंतर घरीही काढता येतात, पायरी आणि ऊन घरी येत नाही. ज्याला हे आधी लिहून ठेवलेलं नसतं तो त्या चाळीस मिनिटांत सगळ्यांवर खेकसत बसतो.

अंगठीचा फोटो हा या शूटचा गाभा, आणि तोच आम्हाला सर्वाधिक छळणारा ठरला. गडद निळा खडा ढगाळ उजेडात चक्क काळा दिसतो. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सवर पहिले वीस फोटो बघितले तर बोटात कोळशाचा तुकडा. मग फोटोग्राफरने हात खिडकीकडे तिरका केला आणि समोरून पांढरं कार्ड धरलं. खड्याच्या आत अचानक निळा उमलला. अर्धा इंच हात इकडे-तिकडे झाला की गेला. शिवाय मॅक्रोमध्ये सगळं दिसतं: बोटांचे ठसे, लोकरीचा एक तंतू, नखाकडेची सुकलेली कातडी. मायक्रोफायबर कापड मी खिशातच ठेवलं होतं.

त्यात थंडी. मुलीची बोटं जांभळी पडली होती आणि निळ्या खड्याशेजारी जांभळं बोट फार वाईट दिसतं. मालकिणीच्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पिशवी आणली, पाच मिनिटं तिच्या हातात दिली, मग क्रीम. दर दहा मिनिटांनी पिशवी. तेव्हापासून माझ्या शूटच्या पेटीत स्टीमर, सेफ्टी पिना, दुहेरी टेप आणि गरम पाण्याची पिशवी असते.

मिठी मात्र जमत नव्हती. दोघं एकमेकांना धरून उभे, जणू बसमध्ये आधाराची दांडी धरली आहे. फोटोग्राफर “रिलॅक्स, रिलॅक्स” म्हणत होता, त्याने माणूस जास्त ताठ होतो. मी त्या मुलाला मराठीत सांगितलं, “तिच्या कानात सांग, आज रात्री जेवायला काय करायचं.” तो खरोखर गंभीरपणे काहीतरी बोलला. ती फिस्सकन हसली आणि हात आपोआप त्याच्या छातीवर गेला. नंतर विचारलं तर म्हणे, “याने विचारलं, तुला भाकरी थापता येते का. म्हटलं, मला तरी कुठे येते.” मला हवा असलेला फोटो तो एकच.

शूटनंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण पैसा तिथेच अडतो. लग्नाची मासिकं आणि संकेतस्थळं बहुधा कुठेच न छापलेले फोटो मागतात. आमच्यातल्या एकीने त्याच रात्री इन्स्टाग्रामवर चार फोटो टाकले आणि आम्ही ठरवलेल्या मासिकाने नकार दिला. चूक माझीच, तोंडी सांगून ठेवलं होतं, लिहून नाही. आता मी शूटआधी एका पानाचा मेल पाठवते: कोण किती खर्च करणार, कुणाला किती फोटो, कोणत्या तारखेपर्यंत कुणी काही टाकायचं नाही, क्रेडिट कोणत्या नावाने. सगळ्यांनी ‘मान्य’ असं उत्तर दिल्याशिवाय जागेचे पैसे भरत नाही.

आणि नाव. मी शूटला केटचं नाव देणार होते. पण इथल्या जाहिरात-नियमावलीनुसार राजघराण्यातल्या व्यक्तींचा फोटो वा उल्लेख त्यांच्या परवानगीशिवाय जाहिरातीत सहसा करायचा नसतो. राजचिन्हं वापरण्यावरही कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे शूटसाठीच्या नमुना आमंत्रणपत्रिकेवर मी रंगवून घेतलेला मुकुटही काढला. शूटचं नाव ठेवलं ‘हिवाळी निळा’. ज्याला ओळखायचं त्याने ओळखलं.

फोटो शेवटी एका छोट्या संकेतस्थळावर आले. तीन चौकश्या आल्या, दोघींना माझा दर जास्त वाटला. तिसरी रेडिंग शहरातली. तिने खिडकीतला फोटो पाठवून विचारलं, “असंच हवंय, फक्त हिरव्यात जमेल का?” फेब्रुवारीतली तारीख ठरली आहे, सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास. हिरवा ड्रेस अजून मिळालेला नाही.