पट्टा, घंटी आणि मधली जागा: टेकडीच्या वाटेवर सायकल आणि कुत्रा

सायकलवाला माणसाला चुकवतो, कुत्र्यालाही चुकवतो आणि त्या दोघांच्या मधे ताणलेल्या पट्ट्यात अडकतो. वाटेवरचे वाईट अपघात असे होतात. माणूस वाटेच्या एका कडेला, कुत्रा दुसऱ्या कडेला झुडुपं हुंगत, आणि मधे गुडघाभर उंचीवर आडवी दोरी. पहाटेच्या अर्धवट उजेडात ती दिसतही नाही. त्यामुळे ही मधली जागा बंद ठेवायची, एवढं दोन्ही बाजूंनी पक्कं धरलं की बाकीचं बरंच सोपं होतं.

पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी सकाळी चालणारे, पळणारे, सायकलवाले आणि कुत्रा घेऊन आलेले सगळे त्याच मुरमाच्या वाटा वापरतात. पुढचं सगळं अशा वाटा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण रस्त्याकडेच्या सायकल ट्रॅकवरही ते लागू पडतं.

पट्टा कोणता आणि धरायचा कसा

दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट लांबीचा, दोन सेंटीमीटर रुंदीचा सुती किंवा नायलॉनचा पट्टा घ्या. लोखंडी साखळी नको. घाईत आखडून घ्यायला गेलं की ती हातातून सरकते आणि तळवा सोलून निघतो. बटण दाबून पाच मीटरपर्यंत सुटणारा गुंडाळीचा पट्टा मोकळ्या मैदानात ठीक, पण सामाईक वाटेवर सगळ्यात धोक्याचा. दोरी बारीक, जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि कुत्र्याने झेप घेतल्यावर बटण दाबलं तरी तोवर तो वाटेच्या मधोमध पोहोचलेला असतो. हाच पट्टा असेल तर वाटेवर पाऊल ठेवण्याआधी तो सव्वा मीटरवर लॉक करा आणि परत फिरेपर्यंत तसाच राहू द्या.

पट्ट्याची मूठ मनगटाला गुंडाळू नका. दोरी चाकाच्या तारांत गेली तर माणूसही ओढला जातो. मूठ अंगठ्यात अडकवून मुठीत धरायची. गळपट्ट्यापासून ६० सेंटीमीटरवर पट्ट्याला एक गाठ मारून ठेवा. सायकल आली की दुसरा हात थेट त्या गाठीवर जातो, अंदाज घ्यावा लागत नाही.

चालताना आपण डाव्या कडेने, आणि कुत्रा आपल्याही डावीकडे, म्हणजे वाटेच्या बाहेरच्या अंगाला. सायकल आणि कुत्रा यांच्यामधे कायम माणूस हवा. दोन कुत्री असतील तर दोन्ही एकाच बाजूला. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा, घाला. ओढलं की तो आपोआप आपल्याकडे वळतो आणि गळ्याला हिसका बसत नाही. टेकडीवर मोर असतात, त्यामुळे आज्ञाधारक कुत्र्यालाही मोकळं सोडू नये. मोर दिसल्यावर हाक ऐकणारी कुत्री फार थोडी.

घंटी कधी, हाक कशी

ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला चार मीटरपेक्षा थोडी जास्त जाते. ३० मीटरवर घंटी दिली तर पुढच्या माणसाला सात सेकंद मिळतात. तेवढ्यात तो मागे बघतो, गाठ पकडतो, कडेला होतो. दहा मीटरवर दिली तर जेमतेम अडीच सेकंद. माणूस दचकतो, त्याचा दचका पट्ट्यातून कुत्र्याला कळतो आणि कुत्रा वळून भुंकतो. घंटी उशिरा देणं हे न देण्यापेक्षाही वाईट ठरतं ते यामुळे.

दोनदा वाजवा आणि वाट बघा. माणसाने मागे वळून बघितलं तरच ऐकलं असं समजायचं. कानात इअरफोन असतात, आणि टेकडीच्या माथ्यावर समोरून वारा असेल तर तो घंटीचा आवाज मागेच नेतो. उत्तर आलं नाही तर वेग कमी करून हाक मारा.

हाकेचे शब्द इथे खरंच महत्त्वाचे. ‘बाजूला व्हा!’ म्हटलं की कोणत्या बाजूला ते कळत नाही. माणूस डावीकडे जातो, कुत्रा उजवीकडे आणि पट्टा बरोबर आडवा येतो. ‘उजवीकडून येतोय’ हेही फसतं. घाईत ‘उजवीकडे’ एवढंच ऐकू येतं आणि माणूस नेमका उजवीकडे सरकतो. त्यापेक्षा ‘काका, डावीकडेच राहा, कुत्र्याला जवळ घ्या’ असं म्हणा. समोरच्याने काय करायचं तेच सांगायचं, आपण काय करणार ते नाही.

शेजारून जाताना

सायकलचं हँडल ६० ते ७५ सेंटीमीटर रुंद, माणूस आणि त्याला चिकटून चाललेला कुत्रा मिळून साधारण एक मीटर. म्हणजे दोन मीटरच्या वाटेवर मधे वीतभर-दोन वीत उरते. कुत्र्यापासून निदान दीड मीटर अंतर हवं. ते मिळत नसेल तर उतरा आणि सायकल हाताने न्या. जागा असेल तर चालण्याच्या वेगाने, ताशी सहा-आठ किलोमीटरने, पॅडल न मारता हळू ब्रेक धरून जा. काही सायकलींच्या मागच्या चाकाची टिकटिक पॅडल थांबवल्यावर मोठी होते आणि काही कुत्री तिला बिचकतात. तसं असेल तर पॅडल हलकं फिरवत ठेवा.

उतारावरची गोष्ट वेगळी. ताशी २० किलोमीटरला कोरड्या डांबरावर विचार आणि ब्रेक मिळून थांबायला साधारण दहा मीटर लागतात. सुट्या मुरमावर बारा तरी, आणि उतार असेल तर आणखी. ताशी दहाला चार-पाच मीटर पुरतात. पुढचं वळण झुडुपांआड असेल तर वळणाआधीच घंटी द्या आणि दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. घाबरून पुढचा ब्रेक आवळला की मुरमावर पुढचं चाक सटकतं. वजन मागे, आधी मागचा ब्रेक, मग पुढचा हलकेच.

अंधारात दिव्याचा झोत पाच-सहा मीटर पुढे जमिनीवर पडेल असा खाली वळवा. लुकलुकणारा पुढचा दिवा वाटेवर बंद ठेवा. काळा कुत्रा दिव्याच्या झोतातही दिसत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात चमकणारी पट्टी किंवा छोटा दिवा हवाच.

कुत्रा मागे लागला तर

पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करणं हा कुत्र्याचा स्वभाव. जोरात पॅडल मारून सुटायला बघाल तर तो आणखी चेकाळतो. वेग कमी करा, उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे आडवी धरा. डोळ्यांत डोळे घालू नका, ओरडू नका. हालचाल थांबली की बहुतेक कुत्र्यांचा रस संपतो. मालकाने अशा वेळी कुत्र्यामागे धावू नये, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेने चालत हाक मारावी.

सायकल बघून उसळणाऱ्या कुत्र्याला सवय लावता येते. मैदानात १५ मीटरवर सायकल नुसती उभी करा. कुत्र्याने तिच्याकडे बघितलं आणि शांत राहिला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्या. मग कोणीतरी सायकल हाताने चालवत न्यायची, मग बसून अगदी हळू. प्रत्येक पायरीला कुत्रा शांत असेल तरच अंतर दोन मीटरने कमी करायचं. भुंकला तर रागवू नका, पुन्हा मागे जा. अंतर घाईने कमी केलं हेच बहुतेक वेळा कारण असतं. रोज दहा मिनिटं पुरे.

आणि विष्ठा उचला. टायरच्या खाचांत ती अडकली की चाक फिरताना पाठीवर आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर उडते. पिशवीत भरून, गाठ मारून ती झुडुपात फेकणं म्हणजे न उचलणंच.

चावा किंवा धडक झाली तर

धडक बसलेला कुत्रा उठून चालू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा धाप लागत असेल तर आतून रक्तस्राव असू शकतो, मग एक मिनिटही थांबू नका.

माणसाला दात लागला असेल, नुसता ओरखडा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलेल्या जखमेत रेबीजच्या लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, म्हणून एकमेकांचे नंबर घेतल्याशिवाय निघू नका. पाळीव प्राण्याबाबत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मालकांना माहीत असावं. कुत्र्याच्या रेबीज लशीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मागितला तर लगेच दाखवा. कार्ड बघायला मिळेपर्यंत पहिलं इंजेक्शन मात्र लांबवायचं नाही.