जर्मनीत बाळंतपण आहे आणि जर्मन येत नाही? मग एवढं आधीच करून ठेवा

डॉक्टर इंग्लिश बोलतात म्हणून बिनधास्त राहू नका. इथे नॉर्मल डिलिव्हरी हेबामं म्हणजे सुईणच करते, कायद्यानेच ती प्रत्येक बाळंतपणाला लागते, डॉक्टर बऱ्याचदा अगदी शेवटी येतो. आणि सगळ्याच हेबामंना इंग्लिश येतं असं नाही, त्यात रात्री ड्युटीवर कोण असेल देव जाणे. म्हणून जे बोलायचंय ते कळा सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या.

साधारण आठव्या महिन्यात हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये, म्हणजे क्राइससालमध्ये, नाव नोंदवायला बोलावतात. जर्मन येणारं कोणी असेल तर त्या दिवशी घेऊन जा. पेडेआचा, म्हणजे पाठीतल्या इंजेक्शनचा फॉर्म तेव्हाच मागून घ्या, इंग्लिशमधला बऱ्याच ठिकाणी असतो पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्यावर सही लागते आणि कळा चालू असताना ती बारीक अक्षरं कोण वाचणार?

ॲलर्जी, बीपी, थायरॉइड, चालू गोळ्या, आधी सिझर झालंय का, हे सगळं जर्मनमध्ये एका कागदावर लिहून मुटरपासमध्ये, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या वहीत ठेवा.

नवऱ्याची जर्मनची बी-वन लेव्हल झालीय म्हणून सगळं त्याच्यावर सोडू नका हं, ऑफिसातलं जर्मन वेगळं आणि तो स्वतःच टेन्शनमध्ये असतो. रात्री फोन उचलेल अशी जर्मन येणारी एखादी मैत्रीण आधीच सांगून ठेवा. दुभाष्याचे पैसे सरकारी इन्शुरन्स सहसा देत नाही.

शब्द थोडेच पाठ करा पण पक्के. वेहेन म्हणजे कळा. फ्रुख्टब्लाझं गेप्लाट्स्ट म्हणजे पाणी गेलं, मग रंग विचारतील, हिरवट असेल तर ग्र्यून म्हणा आणि लगेच निघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रेसन, जोर लाव. पण डोकं बाहेर येताना हेबामं कधीकधी निश्ट प्रेसन म्हणते आणि हेशेल्न, म्हणजे धापा टाकल्यासारखा भराभर श्वास घ्यायला सांगते, नाहीतर जास्त फाटतं. कळेच्या जोरात तो निश्ट ऐकूच येत नाही, म्हणून नवऱ्याला एवढंच काम द्या की ते ऐकून कानाशी मराठीत ओरडायचं, थांब, जोर लावू नको.

अजून एक, कळलं नाही तरी मान डोलवायची आपली सवय. इथे ती मान म्हणजे होकार धरतात. त्यापेक्षा सरळ नोख माल, लांगझाम म्हणा, परत सांगा, हळू. हेबामं चिडत नाहीत, उलट हाताने करून दाखवतात.

घरी आल्यावर टाके बघायला, दूध येतंय का बघायला हेबामं घरी येते, तिचे पैसे इन्शुरन्स देतो. इंग्लिश बोलणारी हवी असेल तर दिवस राहिल्याचं कळताच शोधायला लागा, मोठ्या शहरांत त्या फार लवकर बुक होतात.