स्पर्धेच्या निमित्ताने कॅमेरा पुन्हा हातात

दोन वर्षांपूर्वी सलग आठ महिने मी स्वतःसाठी एकही फोटो काढला नव्हता. कामाचे फोटो रोज निघत होते. पांढरा कागद, दोन सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारे दिवे) आणि मध्ये ठेवलेली वस्तू. सुटीच्या दिवशी मात्र कॅमेऱ्याकडे बघावंसंही वाटेना. त्याच सुमारास एका स्पर्धेचा विषय वाचनात आला : ‘रिकामी जागा’. मुदत अठरा दिवसांची होती. मी भाग घेतला. बक्षीस मिळालं नाही, पण त्या अठरा दिवसांत मी जेवढं निरखून पाहिलं, तेवढं आधीच्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. तेव्हापासून असा कोरडा काळ आला की मी हाच उपाय करते.

सगळ्यात आधी स्पर्धा नीट निवडा. वर्ल्ड प्रेस फोटो (1955 पासून) किंवा वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर (1965 पासून) या मोठ्या स्पर्धांमध्ये अनेकांचं कित्येक महिन्यांचं, कधी कित्येक वर्षांचं काम येतं. त्या जरूर बघा, पण मरगळ आलेली असताना तिथून सुरुवात करू नका. आपल्याला हवा अरुंद विषय, दोन ते चार आठवड्यांची मुदत आणि एकाच फोटोची प्रवेशिका. ‘निसर्ग’ किंवा ‘जीवन’ असा ऐसपैस विषय असेल तर मी पुढे जाते. त्यात काहीही बसतं, त्यामुळे काहीच सुचत नाही. ‘दार’, ‘ओलं’, ‘वाट पाहणं’ असे विषय डोळ्यांना कामाला लावतात. आणि शक्यतो आपण एरवी ज्याच्या वाटेला जात नाही, तोच विषय घ्या.

एक नियम मी कधी मोडत नाही : जुना फोटो पाठवायचा नाही. हार्ड डिस्कवर विषयाला चालेल असं काहीतरी सापडतंच. ते पाठवलं की प्रवेशिका भरली जाते आणि कॅमेरा होता तिथेच राहतो. ज्यांना जिंकायचंय त्यांनी खुशाल जुन्यातलं उत्तम काम पाठवावं. इथे आपला हेतू वेगळा आहे.

पहिले तीन दिवस कॅमेऱ्याला हात न लावता कागदावर वीस कल्पना लिहा. पूर्ण वीस. ‘रिकामी जागा’ म्हटल्यावर माझ्या यादीत आधी काय आलं? रिकामी खुर्ची, सुनसान रस्ता, बागेतला झोपाळा, बंद पडलेलं घर. पहिल्या आठ-दहा कल्पना सगळ्यांनाच सुचतात आणि परीक्षकांसमोर त्यांचेच ढीग असतात, म्हणून त्या खोडून टाका. बाराव्या-तेराव्यापाशी डोकं चालेनासं होतं. तिथे उठू नका, कारण त्यानंतर जे येतं ते तुमच्या स्वतःच्या जगण्यातून येतं. माझ्या यादीत सतराव्या क्रमांकावर होतं : ‘कपाट हलवल्यावर भिंतीवर दिसणारा फिकट चौकोन’. मी नुकतंच घर बदललं होतं. तो चौकोन रोज समोर होता आणि मला दिसलाच नव्हता.

मग एकच लेन्स लावा. मी 50 मिमी घेते. झूम लावली की मी जागेवर उभी राहून चौकट फिरवत बसते. एकाच नाभीय अंतराची, म्हणजे झूम न होणारी लेन्स असली की पुढेमागे चालावं लागतं, वाकावं लागतं. आणि त्याच गोष्टीकडे वेगवेगळ्या वेळी परत जा. दुपारी तो चौकोन नुसता सपाट, पांढुरका दिसत होता. संध्याकाळी दिवा लावून बघितला, तर भिंत पिवळी झाली आणि कडा विरघळल्या. चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास खिडकीतून ऊन अगदी तिरपं, भिंतीला घासून आलं. खिळ्यांची भोकं, रंगाचे पोपडे, कपाट सरकवताना उठलेला ओरखडा, सगळ्याला सावली मिळाली. ट्रायपॉडवर कॅमेरा, लेन्सचं छिद्र एफ 8 वर, शटर पाव सेकंद उघडं. ऊन जेमतेम दहा मिनिटं टिकलं. त्या दहा मिनिटांत माझे हात थरथरत होते, आणि ते किती वर्षांनी थरथरले हे मला नीट आठवत होतं.

निवड हा वेगळाच अभ्यास आहे आणि त्याला किमान तीन दिवस राखून ठेवा. काढलेल्यातले आठ-दहा फोटो पोस्टकार्डाएवढे छापा आणि येता-जाता दिसतील असे भिंतीवर चिकटवा. जो फोटो दुसऱ्या दिवशी कंटाळवाणा वाटतो तो काढून टाका. पहिल्या फेरीत एका फोटोच्या वाट्याला परीक्षकांचे काही सेकंदच येतात, म्हणून पडद्यावर तो नखाएवढा करूनही बघा. काय आहे ते तेव्हाही कळलं पाहिजे. मग फोटोग्राफी न करणाऱ्या एखाद्याला दाखवा. ‘कसा आहे?’ असं विचारू नका, ‘काय दिसतंय?’ असं विचारा. माझ्या आईने तो चौकोन बघून ‘इथून कोणीतरी गेलंय’ असं म्हटलं आणि कोणता फोटो पाठवायचा ते ठरलं.

नियमावली शेवटपर्यंत वाचा, विशेषतः हक्कांचं कलम. स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरती फोटो वापरण्याची परवानगी मागणं रास्त आहे. पण ‘कोणत्याही कारणासाठी, कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर सोडून द्या. मी एकदा हे कलम न वाचता सही केली आणि माझा फोटो आयोजकांच्या जाहिरातीत झळकला, नावाशिवाय, मोबदल्याशिवाय. त्याचं दुःख अजून आहे.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, जपून ठेवा. अनेक स्पर्धा अंतिम फेरीत ती मागतात. किती संपादन चालतं हे विभागागणिक बदलतं. निसर्गाच्या विभागात चौकटीतली नकोशी काडी पुसणंसुद्धा बहुधा चालत नाही. प्रामाणिकपणाचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये 2009 साली पहिल्या आलेल्या, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोचं बक्षीस पुढच्या जानेवारीत काढून घेतलं गेलं. लांडगा माणसाळवलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. 2023 मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने स्वतःहून बक्षीस नाकारलं आणि आपली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचं सांगितलं. आपल्यापुरतं बोलायचं तर प्रॉम्प्ट, म्हणजे संगणकाला द्यायची सूचना, लिहून ती सकाळ मला मिळाली नसती.

फाइल पाठवताना रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर चालणारी रंगांची प्रमाणित पद्धत) ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर रंग मलूल दिसू शकतात. लांबी-रुंदी नियमात दिली असेल तेवढीच.

निकाल लागला की निवडलेले फोटो सावकाश बघा. आपल्याला कधीच सुचला नसता असा एक निवडा आणि कागदावर मांडा : फोटोग्राफर कुठे उभा होता, उजेड कुठून आला, चौकटीबाहेर काय ठेवलं. एवढ्यासाठी मी एक संध्याकाळ देते. वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त स्पर्धा मात्र करू नका. एका वर्षी मी नऊ केल्या, तेव्हा परीक्षकांना आवडेल असा गडद कॉन्ट्रास्ट माझ्या प्रत्येक फोटोत शिरला. तो काढायला मला बरेच महिने लागले.

आणि वीस कल्पनांचा तो कागद फेकू नका. माझ्या यादीत अठरावी होती ‘कॅलेंडर काढल्यावर उरलेला खिळा’. तिचा स्पर्धेशी आता काही संबंध नाही, पण ज्यांच्या घरी जाते त्यांना विचारून मी असे खिळे टिपते आहे. आतापर्यंत तेवीस झाले.